अठ्ठावन्नाव्या मिनिटाचा पाऊस

आभाळाने माणसापुढे पहिल्यांदा मान तुकवली ती कोल्हापुरात, सन २०३८च्या डिसेंबरात, फुटबॉलच्या मैदानावर. हे वाक्य उद्घाटनाच्या भाषणातलं आहे. ते भाषण सव्वा तास उशिरा सुरू झालं, कारण अवकाळी पाऊस लागला होता, आणि यंत्र अजून सुरू व्हायचं असल्यामुळे पावसाची कोणालाच कल्पना नव्हती. पाहुण्यांनी फीत कापली, नारळ फोडला, आणि मांडवातून गाडीपर्यंत जाताना बूट हातात घेतले. नारळ यंत्रावर फोडायला कंपनीच्या माणसाने हरकत घेतली, म्हणून तो बाजूच्या दगडावर फोडला गेला. ही गोष्ट मैदानाची देखभाल करणाऱ्या बळवंत सरनोबतांना मुळीच आवडली नाही. पण त्यांचं मत विचारायची पद्धत त्याच दिवशी बंद झाली होती.

यंत्राचं नाव आभाळमाप. त्याआधीचा हवामान अंदाज बारा-बारा किलोमीटरच्या चौकोनांत विचार करायचा. एका चौकोनात अख्खं शहर, नदी, उसाचे मळे आणि विमानतळ. त्यामुळे ‘तुरळक ठिकाणी गडगडाटासह पाऊस’ हे वाक्य सहसा खोटं ठरायचं नाही. ठिकाण तेवढं कळायचं नाही. आभाळमापाने चौकोन शंभर मीटरवर आणला. मोबाइलच्या दोन मनोऱ्यांमध्ये पावसाचे थेंब आले की त्यांच्यातला संदेश किंचित क्षीण होतो, ते त्याने मोजलं. प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये हवेचा दाब कळणारी चकती असते, ती वाचली. आणि जमिनीत दांड्या पुरल्या.

दांड्या कशाला, तर वळवासाठी. वळीव मोसमी पावसासारखा समुद्रावरून चालत येत नाही, तो बराचसा इथेच शिजतो. तापलेल्या जमिनीवरची ओलसर हवा हलकी होऊन वर चढते, वर गार होते, तिचे थेंब होतात, आणि थेंब होताना जी उष्णता सुटते तिच्या जोरावर ती आणखी वर चढते. पातेल्यात आधण ठेवल्यासारखंच. उकळी येणार हे सगळ्यांना माहीत असतं. पहिला बुडबुडा कुठे उठणार हे नसतं. ते ठरतं जमिनीतल्या ओलाव्याच्या बारीकसारीक फरकांवर. म्हणून दर चौकोनात एक दांडी: खरं तर दोन पोलादी सळया, वीतभर अंतरावर, हातभर खोल. मधून अगदी क्षीण वीज सोडायची. ओली माती ती वाहून नेते, कोरडी अडवते. फुटबॉलच्या मैदानातली दांडी पश्चिमेच्या कॉर्नरच्या निशाणामागे, छोट्या जाळीच्या पिंजऱ्यात होती.

त्याच वर्षी सरकारने फुटबॉलवरच्या पैजा कायदेशीर केल्या, कारण बेकायदेशीर पैजांवर कर लावता येत नव्हता. पैजांच्या ॲपचं नाव अटकळ.

आता पाऊस फुटबॉलचं काय करतो हे कोल्हापुरात कोणाला शिकवायला नको. भुरभुर असेल तर चेंडू गवतावरून सटकतो, गोलकीपरच्या हातातून निसटतो आणि गोल वाढतात. मुसळधार असेल तर चेंडू डबक्यात बसतो, वाऱ्यासारखा पळणारा गडी चिखलात म्हशीसारखा रुततो आणि गोल आटतात. वीज चमकली तर पंच सगळ्यांना आत घेतो. म्हणजे पैज लावणाऱ्याला खेळाडूंची नावं माहीत असायची गरज उरली नाही. मार्चपर्यंत लोक संघावर पैसे लावेनासे झाले. ते ‘ओलं मैदान’ किंवा ‘कोरडं मैदान’ यावर लावत, कितव्या मिनिटाला थेंब पडेल यावर लावत. एका उपांत्य सामन्यात तीस यार्डांवरून गोल झाला, तेव्हा अख्खी गॅलरी पाठ फिरवून जोतिबाच्या डोंगरावरचा एक ढग बघत होती. ढग विरघळला. त्यावर अर्ध्या गॅलरीने हलगी वाजवली.

संघही बदलले. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात; प्रत्येक तालमीने दोन संघ केले, एक ओला, एक कोरडा. ओल्यात दांडगी, जड पोरं; कोरड्यात चपळ. खंदक पेठ तालमीचा अयान मुल्ला हा विंगर म्हणून असा पळायचा की त्याच्यामागचा बचावपटू पुढच्या मोसमात धंदा बदलायचा. पण मैदान दर सामन्याला ‘ओलं’ निघत होतं. अयान त्या मोसमात तालमीचे सगळे सामने बाकावर बसला. त्याने सहाव्या सामन्यापासून बूट बांधायचंही सोडून दिलं.

कायद्याने प्रत्येक सामन्याला एक हवामान पंच नेमला होता. सामन्याआधी अर्धा तास दांडीचं वाचन आणि अंदाज तपासून त्याने पडद्यावर सही करायची. सही झाली की पैजा पक्क्या. कोल्हापुरात हे काम शर्वरीकडे होतं. शर्वरी बळवंतरावांची एकुलती एक मुलगी, आधी कॉलेजात भूगोल शिकवायची. माहेर खंदक पेठ, सासर टाकी वेस. ती निःपक्षपाती आहे हे दोन्ही पेठांनी एकमताने मान्य केलं आणि दोन्ही पेठांनी तिच्यावर संशय घेतला.

तिच्या वडिलांना पेठेत बळूनाना म्हणत; ती आबा म्हणे. शहाण्णव सालच्या एका चिखलातल्या फायनलमध्ये त्यांचा डावा गुडघा मोडला, आणि तेव्हापासून पाऊस यायच्या आधी तो दुखू लागला. चाळीसेक वर्षं कोल्हापूरचं फुटबॉल त्या गुडघ्यावर चाललं. सामन्याच्या सकाळी तालमीची माणसं मैदानावर यायची, नाना मैदानावर पांढऱ्या फक्कीची रेघ मारता मारता थांबायचे, पाय दोनदा झटकायचे आणि एक शब्द सांगायचे. त्यावर बूट ठरायचे.

सहा वर्षांपूर्वी मिरजेला हा गुडघा बदलला गेला. पेठेत सांगितलं होतं की नाना मेव्हण्याकडे गेलेत. नवा गुडघा टायटॅनियमचा होता आणि त्याला हवामानातलं काहीही कळत नव्हतं. हे फक्त शर्वरीला माहीत होतं. तरी नाना पाय झटकत राहिले, आणि बहुतेक वेळा बरोबर निघत राहिले. कसे, हे तिने विचारलं नाही. मग आभाळमाप आलं, नानांना कोणी विचारेना, आणि बापलेकीत पावसापाण्याचं बोलणं थांबलं. जेवणखाण, रक्तदाब, जावयाची बदली यावर ती दोघं बोलत.

फायनल चौदा मेला होती. नगरभूषण चषक, खंदक पेठ विरुद्ध टाकी वेस, दुपारी चारला. गॅलरी दोनलाच भरली. शर्वरी गॅलरीच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत बसली होती. शेजारी कंपनीचे विभागीय अधिकारी अभिराम दाबके, पुण्याचे, पूर्ण बाह्यांच्या शर्टात.

पडद्यावर आलं: ओलावा एक्केचाळीस टक्के, मैदान ओलं. वळीव अठ्ठावन्नाव्या मिनिटाला, शक्यता त्र्याण्णव टक्के.

“सुरेख,” दाबके म्हणाले. “करा सही.”

शर्वरीने खाली बघितलं. पाणीटंचाईमुळे तीन दिवस मैदानावर फवारा मारायला बंदी होती. गवत पापडासारखं झालं होतं. वॉर्म अप करणाऱ्या पोरांच्या पायांखालून धूळ उडत होती.

“एक्केचाळीस कसं येईल?”

“आतला ओलावा असेल. जाणवण्याच्या पातळीखालचा.”

“मी बघून येते.”

“मॅडम, पंचाने मैदानात उतरायची प्रथा नाही.”

“मोसमच पहिला आहे. प्रथा कुठली?”

साठ पायऱ्या उतरून ती कॉर्नरपाशी गेली. पिंजऱ्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत दोन सळयांच्या मधली माती काळपट, ओलसर. बाकी सगळीकडे पांढरी ठणठणीत. सळयांना हळदकुंकू. करवंटीचे तीन तुकडे. मुंग्यांची लांबच लांब रांग. आणि मातीत अर्धवट रुतलेलं एक रुपयाचं नाणं, जे त्या दिवसांत बघायलाही मिळत नसे.

नाना रोलरला टेकून उभे होते.

“आबा, इथं नारळ कुणी फोडला?”

“मी.”

“कधी?”

“सकाळी. आंघोळ करून.”

“आज?”

“आजबी.”

“आजबी म्हणजे?”

“म्हणजे दर मॅचला फोडतोय की. उद्घाटनाला त्या माणसानं दगडावर फोडला. दगडाला काय अंदाज सांगायचा हुता?”

शर्वरी खाली बसली. साडेतीन वाजायला बावीस मिनिटं होती.

“आबा, नारळाच्या पाण्यात क्षार असतात. साध्या पाण्यापेक्षा दसपट वीज जाते त्यातनं. या दांडीला वाटतंय अख्ख्या मैदानाचा चिखल झालाय.”

“एवढ्याशा पाण्यानं?”

“दांडीच आहे ती. तिला एवढंच जग ठाऊक.”

“मला काय म्हाईत त्यात वीज हाय. मला वाटलं थर्मामीटर असंल.”

“विचारायचं तरी.”

“कुणाला? हे मशिन आल्यापासनं तू माझ्यापाशी पावसाचं एक अक्षर काढलंस?”

नानांनी टोपी काढली, झटकली, परत घातली.

“मशिन तुझं,” ते म्हणाले. “चुकलं तर पेठ मशिनला शिव्या घालणार न्हाई, तुला घालणार. म्हणून फोडत हुतो. बरोबर यावं म्हणून.”

गॅलरीत कोणीतरी पिपाणी फुंकून बघत होतं. शर्वरीने त्यांना कायद्याचं कलम सांगितलं. दांडीच्या पाच फुटांत कोणताही द्रव पदार्थ सांडणाऱ्यास राज्यातल्या सर्व मैदानांवर आजन्म प्रवेशबंदी. कलम करताना कोणाच्या डोळ्यांपुढे पाण्याच्या बादल्या घेऊन येणारे जुगारी होते. नारळाची शक्यता कोणी धरली नव्हती, पण नारळाचं पाणी द्रव पदार्थच होतं.

नानांनी मैदानाकडे बघितलं. सावकाश, या गोलापासून त्या गोलापर्यंत.

“मग त्या बाजूला पाणी साचतंय ते कोण बघणार? बाहेरच्याला कळायचं न्हाई ते. वरनं सपाट दिसतंय.”

शर्वरीपुढे तीन वाटा होत्या. सही करावी, म्हणजे खोटं वाचन खरं ठरेल आणि बापलेक दोघंही सुखरूप राहतील. सही नाकारावी आणि कारणाच्या रकान्यात नारळ लिहावा, म्हणजे आबांचं मैदान जाईल. किंवा सही नाकारावी आणि रकाना कोरा ठेवावा. कोऱ्या रकान्याला नियमात गैरवर्तन म्हणत.

वर येऊन तिने दाबक्यांना सांगितलं, “वाचन ग्राह्य नाही.”

“कारण?”

ती कारणाच्या रकान्याकडे बघत असतानाच दार उघडलं. नाना साठ पायऱ्या चढून आले होते. टायटॅनियमच्या गुडघ्याची एक बरी गोष्ट म्हणजे त्याला पायऱ्यांचंही काही वाटत नाही. बाकीचे नाना मात्र धापा टाकत होते.

“साहेब, नारळ मी फोडला. चौतीस मॅचमधी चौतीस, आणि आजचा एक. लिवा माझं नाव. बळवंत गोपाळ सरनोबत.”

दाबक्यांचा चेहरा हळूहळू उतरला. सगळे चौतीस सामने ‘ओलं’ म्हणून पैजा चुकत्या झाल्या होत्या. त्यावरचा कर सरकारने घेतला होता आणि बहुधा खर्चही केला होता.

“आजोबा,” ते अतिशय मायेने म्हणाले, “तुम्ही काही बोलला नाहीत. मी काही ऐकलं नाही. नारळ झालेलाच नाही.”

“अवो, करवंटी हाय की खाली.”

“करवंटी कुठूनही येते.”

“आणि मुंग्या?”

“मॅडम, सही करा. तीन सत्तावीस झालेत.”

“पोरी, लिव माझं नाव,” नाना म्हणाले.

म्हणजे खोलीत एक माणूस गुन्हा कबूल करत होता, दुसरा तो गुन्हा घडलाच नाही म्हणत होता, आणि निर्णय भूगोलाच्या बाईंकडे होता. शर्वरीने पडद्यावर ‘नकार’ दाबलं. कारणाचा रकाना पुढे आला. तिने तो कोरा ठेवला आणि पडदा बंद केला.

साडेतीनला अटकळ बंद पडलं. अठरा हजार फोनवर एकच ओळ आली: ‘या सामन्याबाबत कोणताही अंदाज उपलब्ध नाही.’ गॅलरीत अशी शांतता पसरली की टाकी वेशीच्या गोलकीपरने हातमोजे काढून सिग्नल गेलाय का ते बघितलं.

दहा मिनिटांनी खंदक पेठेचा प्रशिक्षक सर्जेराव मगदूम धावत वर आला.

“ताई, काय झालंय? आत ओली टीम बसलीय, बाहेर मैदान वाळलंय. कुठली काढू?”

“मला सांगता येणार नाही.”

“असं कसं? तुमचं मशिन...” मग त्याला कोपऱ्यात स्टुलावर बसलेले नाना दिसले. त्याचा आवाज एकदम खाली आला. मोसमभर नानांना राम राम सुद्धा घातला नव्हता हे त्याला तेवढ्यात आठवलं असावं.

“नाना,” तो म्हणाला, “गुडघा काय म्हणतोय?”

शर्वरीने वडिलांकडे बघितलं. नाना उठले. खिडकीपाशी गेले, बाहेर बघितलं, जरा जास्तच वेळ बघितलं. मग डावा पाय दोनदा झटकला.

“कोरडं.”

“नक्की?”

“मुल्लाच्या पोराला घाल. उजव्या बाजूनं.”

सर्जेराव तीन-तीन पायऱ्या उतरत गेला. दाबके कोणाशी तरी इंग्रजीत हळू आवाजात बोलत होते. शर्वरीने विचारलं, “आबा, कोरडं कशावरनं?”

“मॅच बघू दे आता,” नाना म्हणाले.

आणि त्या दिवशी सगळ्यांनीच मॅच बघितली, कारण बघण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं. अयान मुल्लाने पहिल्या पाच मिनिटांत बुटाच्या नाड्या दोनदा बांधल्या. सवय गेली होती. अकराव्या मिनिटाला त्याने चेंडू घेतला आणि उजव्या रेघेवरून निघाला, तसे टाकी वेशीचे दोघे त्याच्या मागे लागले आणि तिसरा नुसता उभा राहून बघू लागला. गॅलरी उठली. मोसमात पहिल्यांदाच ती पूर्वेला आणि पश्चिमेला न बघता समोर बघत होती. एक्केचाळिसाव्या मिनिटाला अयानचा फटका खांबाला लागून परत आला, तेव्हा टाकी वेशीच्या लोकांनीही हळहळ केली आणि मग आजूबाजूला बघून ती मागे घेतली. शर्वरी नियमाप्रमाणे पडद्यासमोर बसायला हवी होती. ती काचेला नाक लावून उभी होती. शेजारी नाना होते आणि त्यांचा उजवा पाय आपोआप हलत होता.

“असा कट मारायचो मी,” ते म्हणाले.

“आई सांगायची.”

“ती कधी आली नव्हती बघायला.”

“तरी सांगायची.”

सत्तावन्नाव्या मिनिटाला पश्चिमेकडून वारा सुटला, फक्कीच्या रेघा उडाल्या, आणि अठ्ठावन्नाव्या मिनिटाला वळीव कोसळला. गारांसकट. पंचाने शिट्टी वाजवली ती त्याची त्यालाच ऐकू आली असेल. तासाभराने मैदानाच्या त्या बाजूला, वरून जी सपाट दिसते, घोटाभर पाणी साचलं होतं.

पुढे तीन आठवड्यांनी कंपनीचा अहवाल आला. आभाळमाप हे शिकणारं यंत्र असल्याने, त्यात म्हटलं होतं, कोल्हापूरच्या मैदानातली दांडी सामन्याच्या दिवशी भलतंसलतं सांगते हे त्याने जानेवारीतच ओळखलं होतं. घरातल्या म्हाताऱ्याचं ऐकतात तसं ते दांडीचं ऐकून घ्यायचं आणि अंदाज बाकीच्या चौकोनांवरून करायचं. अंदाज मिनिटावर खरा ठरला; सबब कसलीही छेडछाड झालेली नाही. नारळाचा उल्लेख नव्हता. मैदान राखणाऱ्याच्या सेवेबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. बिनचूक अंदाजावर विनाकारण सही नाकारल्याबद्दल हवामान पंच श्रीमती शर्वरी यांना कमी करण्यात आलं. जूनपासून ती पुन्हा कॉलेजात वळीव शिकवू लागली.

पण ते पुढचं. त्या दुपारी गारा थांबायची वाट बघत बापलेक काचेच्या खोलीत बसले होते. दाबके निघून गेले होते.

“गुडघा चुकला म्हणायचा,” शर्वरी म्हणाली.

“गुडघा कुठं हाय आता.”

“मग सहा वर्षं कसं सांगत होतात?”

नानांनी खिडकीतून बोट दाखवलं. गॅलरीपलीकडे खंदक पेठेच्या गच्च्या दिसत होत्या, धुऊन निघालेल्या, रिकाम्या.

“बायका वाळवणं कधी उचलतात ते बघायचं. पापड, कुरडया, सांडगे. त्यांचं नुकसान असतंय, त्या चुकत न्हाईत.”

“आणि आज?”

“आज साडेतीनलाच सगळ्या गच्च्या साफ हुत्या.”

शर्वरीने मान वळवली. “म्हणजे सर्जेरावला सांगितलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं.”

“हुतं की.”

“आणि कोरडं सांगितलंत?”

“पाऊस दुसऱ्या हाफात हुता,” नाना म्हणाले. “तंवर पोरगं खेळलं.”

खाली संघटनेची माणसं छत्र्या धरून आली होती. गोल एकही झालेला नव्हता, मैदान खेळण्यालायक राहिलं नव्हतं, दुसऱ्या दिवशीपासून स्टेडियम एका लग्नाला दिलेलं होतं. अशा वेळी काय करायचं ते नियमावलीत होतं, आणि त्यासाठी एक नाणं लागत होतं. अठरा हजार लोकांत कोणाकडे नाणं निघेना. शेवटी नाना उतरून गेले आणि पिंजऱ्यातला रुपया धुऊन घेऊन आले.

छापा पडला. टाकी वेस जिंकली.